जुन्या ट्रकचा गिअर: किती सहज पडायला हवा, आणि अडला तर कुठे पाहायचं

ऊस हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी भागात वीस-पंचवीस वर्षं जुने टाटा आणि लेलँड पुन्हा रस्त्यावर येतात. त्यांवर बसणारी पोरं बऱ्याचदा पिकअप किंवा ट्रॅक्टरवर हात बसलेली असतात. पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो: गिअर इतका जड पडतो, ही या गाडीची तऱ्हाच आहे की गिअरबॉक्स गेलाय? हे ओळखता न आल्याने दोन्हीकडून नुकसान होतं. कुणी दात खाणाऱ्या, म्हणजे गिअर टाकताना खर्रकन वाजणाऱ्या, गाडीला 'जुनी आहे, असंच असतं' म्हणत महिनाभर चालवतो आणि शेवटी मेन शाफ्ट, म्हणजे बॉक्समधून चाकांकडे ताकद नेणारा दांडाच, बदलावा लागतो. कुणी नुसत्या बिघडलेल्या क्लच-सेटिंगपायी चांगला बॉक्स खाली उतरवून घेतो.

आधी आपल्या गाडीत कोणता बॉक्स आहे ते पाहा. जुन्या ट्रकांत दोन प्रकार भेटतात. कॉन्स्टंट मेश बॉक्समध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतून फिरत असतात आणि लिव्हर हलवल्यावर फक्त डॉगचे, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या कडीचे, दात जुळतात. वेग जुळवायला आत कुणी नाही, ते काम ड्रायव्हरचं. सिंक्रोमेशमध्ये पितळी रिंग कोनावर घासून गिअर आणि शाफ्ट दोन्हींचा वेग एक करते आणि मगच स्लीव्ह (दोघांना जोडणारी सरकती कडी) पुढे सरकतो. टाटाच्या बॉक्सच्या नावात 'जीबीएस' असेल तर तो सिंक्रोमेश. नुसतं 'जीबी' असेल तर आरसीवरचं मॉडेल आणि बॉक्सवरची पट्टी दाखवून जाणत्या मिस्त्रीकडून खात्री करून घ्या. सिंक्रोमेश असला तरी बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला, आणि काहींत पहिल्यालाही, सिंक्रो नसतो. हे दोन गिअर गाडी पूर्ण थांबवूनच टाकायचे.

आता मुख्य मुद्दा, किती सहज. सिंक्रोमेश धड असेल तर लिव्हर न्यूट्रलमधून निघून रिंगशी क्षणभर अडते, हाताला मऊ दाब लागतो आणि मग गिअर आपोआप आत ओढल्यासारखा बसतो. त्या अडण्याचा वेळ पाऊण-एक सेकंद असला तरी चालेल. ती रिंगची काम करण्याची वेळ आहे, घाई करून ती कमी होत नाही. कॉन्स्टंट मेशमध्ये हा मऊ अडथळा नसतो. वेग जुळला तर लिव्हर दोन बोटांनी आत जाते, नाही जुळला तर खर्रकन आवाज करून हात मागे ढकलते. म्हणजे त्या बॉक्समध्ये आवाज आला की प्रथम शंका आपल्या वेळेवर घ्यायची, बॉक्सवर नंतर. मात्र दोन्ही प्रकारांत एक गोष्ट कधीच साधी समजायची नाही: गाडी उभी, इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावरही गिअर टाकताना दात खातात. बॉक्स कोणताही असो, ही बिघाडाचीच खूण.

लिव्हरचा गोळा न्यूट्रलमध्ये आडवा हलतो, तेवढं ढिलेपण जुन्या गाडीत राहणारच. पण कोणता गिअर कुठे आहे ते हाताला स्पष्ट कळलं पाहिजे. दुसरा टाकायला जावं आणि रिव्हर्सच्या बाजूला हात भटकावा इतका खेळ असेल तर खालचे बुश आणि सांधे संपलेत.

तपासणी सकाळी, थंड गाडीवर सुरू करा. जुनी गाडी विकत घ्यायला गेला असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते.

पहिली पायरी: इंजिन बंद.
गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा गिअर अर्ध्यावर अडला तर लगेच घाबरू नका. डॉगचे दात समोरासमोर आले की लिव्हर आत जात नाही. न्यूट्रल करून, ठोकळे काढून, हँडब्रेक सोडून गाडी वीतभर ढकला आणि पुन्हा टाकून पाहा. मग पडला तर तो दोष नाही. सगळेच गिअर जड असतील तर दोष लिव्हर, रॉड, सांधे, सिलेक्टर शाफ्ट यांच्यात आहे. क्लचचा यात संबंध नाही, कारण आत काहीच फिरत नाही. खानापूर, जांबोटीकडच्या लाल चिखलात किंवा उसाच्या फडात फिरलेल्या गाडीत लिंकेजच्या सांध्यांत चिखल आणि पाचट भरून वाळतं. ते धुऊन, घासून, ग्रीस भरल्यावर अर्ध्या गाड्यांचा 'जड गिअर' तिथेच हलका होतो.

दुसरी पायरी: इंजिन चालू, गाडी उभी.
आता इंजिन आयडलला ठेवा. आयडल उगाच जास्त असेल तर ही तपासणी फसते. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना ५५० ते ६५० आरपीएम पुरे. न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच मोजा, मग रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला तर क्लच नीट सुटतोय. इंजिन बंद असताना सहज पडणारा गिअर इंजिन चालू केल्यावर अडत असेल, तर बॉक्स उघडायचा विचारही करू नका. क्लच चिकटतोय: इंजिनाची ताकद पूर्ण तुटत नाही, म्हणून इनपुट शाफ्ट (क्लचकडून बॉक्समध्ये येणारा दांडा) फिरतच राहतो.

आवाजही याच वेळी ऐकून घ्या. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर ती बंद होते, तर इनपुट शाफ्टचं किंवा त्याच्याकडून ताकद घेऊन बाकीचे गिअर फिरवणाऱ्या काउंटर शाफ्टचं बेअरिंग. उलट पेडल दाबल्यावरच सुरू होते, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), क्वचित फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग.

तिसरी पायरी: क्लच का सुटत नाही ते शोधणं.
पेडलचा फुकट खेळ मोजा. पट्टी पेडलशेजारी धरून हाताने दाबत जा. जिथे खरा जोर लागू लागतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हा खेळ. जुन्या ट्रकांत तो साधारण २५ ते ३० मि.मी. असतो, आपल्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. खेळ फार वाढला की पेडल तळाला टेकलं तरी क्लच प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर दात खातो. खेळ अजिबात नसला तर रिलीज बेअरिंग कायम टेकून फिरतं, ते जळतं, आणि प्लेट स्लिप मारू लागते. सेटिंग करताना नट एकदम चार फेरे फिरवू नका. अर्धा-अर्धा फेरा द्या, पेडल दाबून पाहा, मगच लॉकनट कसा.

हायड्रॉलिक क्लच असेल तर एका माणसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि खाली बॉक्सजवळच्या, क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा रॉड पाहा. रॉड एकदा पुढे गेला की पेडल धरून ठेवलं आहे तोवर तिथेच राहिला पाहिजे. हळूहळू मागे येत असेल तर पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचे रबरी कप झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. दोन-तीनदा पंप मारल्यावर गिअर चांगला पडतो आणि एरवी अडतो, तर लाइनीत हवा आहे. हवा काढायला फ्लुइडची डबी वरपर्यंत भरा आणि स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं फ्लुइड घेतलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. पेडल तीन-चार वेळा दाबून धरायचं, निपल उघडायचा, बुडबुडे बाहेर पडले की आधी निपल बंद आणि मगच पेडल सोडायचं. मधे डबी रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. फ्लुइड फक्त डबीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकूनही घालू नका. रबरी कप फुगतात आणि दोन दिवसांत पूर्ण किट बदलावं लागतं.

हे सगळं ठीक असूनही क्लच चिकटत असेल तर बेल हाउसिंगच्या आतला मामला: वाकलेली प्लेट, गंजलेले स्प्लाइन, जाम झालेलं पायलट बेअरिंग, प्रेशर प्लेटची कमी-जास्त झालेली बोटं. आपल्याकडे प्लेट वाकण्याचं ठळक कारण उसाचा फड. ओल्या काळ्या मातीत भरलेली गाडी रुतली की ड्रायव्हर रेस वाढवतो आणि अर्धा क्लच धरून झटके देतो. दोन-तीन मिनिटांत प्लेट जळका वास सोडते, तापून वाकते. नंतर गिअर पडेना की लोक बॉक्सला दोष देतात. रुतलेल्या गाडीला ट्रॅक्टर लावा, चाकाखाली दगड, फळ्या टाका. क्लचच्या जोरावर बाहेर काढू नका. पावसाळाभर बंद उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असू शकते, तेव्हाही पेडल ठीक लागतं पण गिअर पडत नाही.

चौथी पायरी: ऑइल.
गाडी थोडी चालवून, कोमट असताना, सपाट जागेवर बॉक्सच्या बाजूचा लेव्हल प्लग उघडा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागून असलं पाहिजे. बोट घालून पाहा, रंग आणि कण बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ओढ्यातून किंवा पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत ते ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवा सुटायच्या भोकातून, जातं. बोटावर बारीक सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजत आहेत. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक लुकण असणं साधं आहे, पण तुकडे किंवा खपल्या निघाल्या तर बॉक्स उघडायलाच हवा.

ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग सैल करा, मगच खालचा काढा. वरचा प्लग जाम निघाला तर रिकाम्या बॉक्सची गाडी जागेवरच अडकते. जुन्या पितळी सिंक्रोच्या बॉक्सला सहसा ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. दुकानदार पुष्कळदा डिफरन्शियलचं जीएल-५ पुढे करतो, 'भारी आहे' म्हणून. त्यातली गंधक-फॉस्फरसची मिसळण जास्त असते. ती डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन गिअरना हवी, पण पितळ खाऊ शकते आणि सिंक्रोला लागणारं घर्षण कमी करते. मग रिंग पकडच घेत नाही आणि गिअर खरखरतो. किती लिटर ते पुस्तिकेत पाहा, पण भरताना भरवसा लेव्हल प्लगवर ठेवा. जास्त भरलेलं ऑइल फेसाळतं, सील फोडून क्लच प्लेटवर येतं आणि प्लेट घसरू लागते. ब्रीदर चिखलाने बुजला तरी आत दाब तयार होऊन हेच घडतं. तो तारेने आणि हवेने साफ करायला दोन मिनिटं लागतात.

विकायला काढलेल्या गाडीत कधीकधी आवाज दाबण्यासाठी नुसतं १४० नंबरचं जाड ऑइल भरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंड पहाटे अशा गाडीचा दुसरा गिअर पहिले चार-पाच किलोमीटर दगडासारखा लागतो आणि गरम झाल्यावर मोकळा होतो. योग्य ऑइल असलेल्या गाडीलाही थंडीत थोडं जड लागतं, ते दोन-तीन किलोमीटरमध्ये जातं. विकत घेतलेल्या जुन्या गाडीचं ऑइल पहिल्याच दिवशी बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून नीट पाहा.

पाचवी पायरी: रस्त्यावर.
आधी रिकामी गाडी, सपाट रस्ता. वर जाताना आणि खाली येताना प्रत्येक गिअर दोन-तीनदा टाका आणि लिहून ठेवा: कोणता, वर की खाली, थंड की गरम. ही चिठ्ठी मिस्त्रीच्या हाती दिली तर अर्धं काम झालं. सगळ्या गिअरना खरखर असेल तर क्लच. फक्त तिसऱ्याला असेल तर तिसऱ्याचा सिंक्रो किंवा डॉगचे दात. टॉपमध्ये गाडी शांत आणि बाकी सगळ्या गिअरमध्ये घरघर, तर काउंटर शाफ्ट आणि त्याची बेअरिंग. कारण टॉप थेट असेल तर ताकद इनपुटवरून सरळ मेन शाफ्टवर जाते, काउंटर शाफ्टवर लोड येत नाही.

गिअर सुटतो का, ते लोडवर आणि उतारावर कळतं. चढावर रेस दिल्यावर किंवा उतारावर रेस सोडल्यावर लिव्हर स्वतःहून न्यूट्रलला येते. कारणं साधीही असतात: सिलेक्टर शाफ्टवरची स्प्रिंग मऊ झालेली किंवा तिची पोलादी गोळी झिजलेली, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) वाकलेला, बॉक्सचे माउंटिंग रबर बसलेले, लिंकेजचं सेटिंग कमी म्हणून गिअर पूर्ण आतच जात नाही. ही सगळी आधी पाहा. यातलं काही नसेल तर डॉगचे दात गोल झालेत, मग बॉक्स उतरवणं आलं. लिव्हर हाताने धरून किंवा दोरीने बांधून गाडी चालवणं हा उपाय नव्हे. त्याने फोर्क आणि स्लीव्ह दोन्ही घासून जातात, आणि घाटात गिअर सुटला तर हातात काही उरत नाही.

आता हाताचं काम. कॉन्स्टंट मेशला आणि थकलेल्या सिंक्रोला डबल क्लच लागतो. वर जाताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, आयडलकडे उतरणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐका, पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर टाका. खाली येताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, रेसचा एक ठोसा द्या, लगेच क्लच दाबून खालचा गिअर. न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा एवढ्यासाठी की इंजिनाचा वेग इनपुट आणि काउंटर शाफ्टला मिळावा. नुसता क्लच दाबून ठेवून रेस दिली तर ती आत पोहोचतच नाही. नवे ड्रायव्हर इथेच चुकतात.

रेस किती? समजा चौथ्याचा रेशो १.६ आणि टॉपचा १ आहे. टॉपमध्ये इंजिन १,२०० आरपीएमवर असताना चौथा टाकायचा, तर त्याच वेगाला इंजिन १,९२० वर हवं. म्हणजे ठोसा सातशे आरपीएमचा, थोडका नव्हे. मीटर बंद असेल तर कानावर घ्या: चौथ्यात त्या वेगाला इंजिन जसं वाजतं, तसं न्यूट्रलमध्ये वाजवायचं. दहा-बारा दिवस रिकाम्या गाडीवर सराव केला की हात बसतो.

चढावर ही वेळ बदलते. काकती ओलांडून वंटमुरी घाट चढताना किंवा निपाणीजवळ तवंदी घाटात भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये गेली की तिचा वेग झपाट्याने पडतो. सपाटीवर जेवढी रेस लागते तेवढी इथे दिली तर जास्त होते. म्हणून गिअर लवकर उतरवा, इंजिन दम तोडायच्या आधी, आणि हालचाल चटकन करा. चुकून न्यूट्रलमध्येच अडकलात तर चाचपडत बसू नका. ब्रेक लावून गाडी थांबवा आणि पहिल्यावर उचला.

उतारावर नियम आणखी कडक. रामनगरकडून अनमोड उतरताना वरच्या टोकालाच गिअर निवडा. जो गिअर भरलेली गाडी तो घाट चढायला घेईल, साधारण तोच किंवा एक खालचा. मध्ये बदलायची वेळ आलीच तर आधी ब्रेकने वेग बराच कमी करा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक फेकून देणं; ड्रम तापले की पेडल लागतं पण गाडी थांबत नाही.

बॉक्स खरोखर उतरवायची वेळ आली तर ऑटोनगरात (गॅरेजांच्या वस्तीत) गाडी लावण्याआधी काही गोष्टी बोलून घ्या. बॉक्स शंभर किलोच्या वर जातो, म्हणून तो गिअरबॉक्स जॅकवरच उतरवायचा. दोघांनी हातावर पेलला तर इनपुट शाफ्ट प्लेटवर लटकून प्लेटचा हब वाकतो. उघडलाच आहे तर सगळी बेअरिंग, दोन्ही सील, गोळ्या-स्प्रिंगा नव्या टाका. सिंक्रो रिंग कोनावर दाबून बसवून रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने मोजायला सांगा. नव्या रिंगेला स्पष्ट फट असते, झिजलेली जवळजवळ टेकते. टेकलेली रिंग 'चालून जाईल' म्हणून परत टाकू देऊ नका. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग त्याच वेळी पाहून घ्या, कारण त्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवायची मजुरी द्यावी लागते. काढलेले जुने पार्ट ताब्यात घ्या.

सवयी दोनच सांगण्यासारख्या. चालताना हात लिव्हरवर ठेवू नका, कारण तो दाब थेट फोर्कवर जातो आणि फोर्क फिरणाऱ्या स्लीव्हवर घासत राहतो. पाय पेडलवर टेकवून ठेवू नका, त्याने रिलीज बेअरिंग दिवसभर फिरतं.

रस्त्यात क्लच पूर्णच गेला, म्हणजे पेडल तळाला पडलं आणि काहीच सुटत नाही, तर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत नेता येते. इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, पुढे मोकळं आहे याची खात्री करून स्टार्टर मारा. गाडी हिसका देऊन उचलते. पुढचा गिअर टाकताना रेस सोडताच लिव्हर हलक्या ओढीने न्यूट्रलला येते. आवाज उतरू द्या आणि दोन बोटांच्या दाबाने दुसरा घ्या, जोर लावायचा नाही. थांबायचं असेल तर न्यूट्रल करून ब्रेक. भरलेल्या गाडीला, गर्दीत किंवा घाटात हे करू नका. तिथे गाडी कडेला घ्या, ठोकळे लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा.